पाठीकडचा खिसा

प्रिय ताई,

पार्सल तू आधीच फोडलं असशील. निदान पत्र पुरं वाचेपर्यंत बॅगेच्या खिशात हात घालू नकोस, एवढं ऐक.

तुझ्या लेकीने विचारलंय, मामासारखं डिझायनर व्हायला काय शिकावं लागतं. आठवीत शाळा सोडलेल्या मामाला हे विचारायचं म्हणजे कमालच! मी तीनदा कच्चं लिहिलं, तीनदा फाडलं. शेवटी ठरवलं, ही बॅग कशी झाली तेच सांगतो. त्यातून तिला काय घ्यायचं ते घेऊ दे.

यंदा आमच्या कारखान्यात घरोघरी जाणाऱ्या नर्सबाईंसाठी बॅग करायचं काम आलं. बाकीचे कागद-पेन्सिल घेऊन बसले. मला कोऱ्या कागदाची धास्ती वाटते, तुला ठाऊकच आहे. म्हणून मी एका नर्सबाईंच्या मागे दिवसभर हिंडलो आणि वहीत नोंदी केल्या. दुपारपर्यंत त्यांनी बॅग एकोणचाळीस वेळा खांद्यावरून उतरवली. औषधासाठी कमी, पेनासाठीच जास्त! शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, नुसते मोजताय काय? धरा की जरा!" मग उरलेला दिवस बॅग माझ्या खांद्यावर होती, आणि खरं काम तिथे सुरू झालं. लेकीला सांग, जिच्यासाठी वस्तू करायची तिचं ओझं आधी आपण उचलून बघायचं.

एका जिन्यात पेन काढायला माझा हात आपोआप बॅगेच्या मागच्या बाजूला गेला. तिथे खिसा नव्हताच. तरी हात चाचपडत राहिला.

ताई, तो हात तुझी बॅग शोधत होता. मी सहावीत असताना तू बाबांच्या जुन्या रेनकोटची शिवलेली. घाईत तू खिसा उलट्या बाजूला लावलास, पाठीकडे. उसवायला वेळ नव्हता, म्हणून माझा कान धरून बजावलंस, "चुकलंय म्हणून कुणाला सांगशील तर बघ! मुद्दामच लावलाय म्हण." मी दोन वर्षं ती बॅग वापरली. अंगाला टेकलेल्या त्या खिशातून कधी काही पडलं नाही, आणि चालता चालता हात बरोबर आत जायचा.

मग जुन्या चादरीचे नमुने शिवले. पहिल्या खिशात नर्सबाईंची बोटंच शिरेनात. "हा खिसा आहे की शिक्षा?" म्हणाल्या. सहाव्या नमुन्यातून मात्र त्यांनी न बघता पेन काढलं, लिहिलं, परत ठेवलं, आणि आपण काय केलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला नाचावंसं वाटलं. नाचलो नाही, टाके मोजले. इथे मला 'मोजपट्टी' म्हणतात ते उगाच नाही.

कारखान्याच्या मोठ्या बाईंनी तो नमुना बघून सगळ्यांसमोर विचारलं, "कुठून सुचलं रे तुला हे?" मी म्हणालो, "असंच." असंच! टाळ्या वाजल्या, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. ताईला दिलेला शब्द पाळला, अशी मनाची समजूत घालून पाहिली. पण खरं सांगू? त्या क्षणी तुझा शब्द मला आठवलाच नव्हता. टाळ्या हव्या होत्या.

काल बाईंना सगळं सांगून टाकलं. तुझं गुपित फोडलं, कान पकडतो. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, "मग तिची सही आण!" आमच्या प्रत्येक बॅगेत आतून एक कापडी पट्टी असते, तिच्यावर डिझाइन करणाऱ्याचं नाव छापतात. पुढच्या शुक्रवारी पट्ट्या छापायला जातील. आता घाल खिशात हात. आत सहीचा कागद आहे, त्यावर वर तुझं नाव आहे, खाली माझं. "ती तर चूक होती" म्हणत तू आपलं नाव खोडायला बघशील, मला माहीत आहे. खोडलंस तर माझंही खोड. पट्टी कोरीच जाऊ दे. पेन त्याच खिशात आहे. बॅग खांद्याला लावूनच काढ. खाली ठेवायची नाही.

तुझाच,
मोजपट्टी