तीनदा विचारून

मंगळवार, संध्याकाळ. मानवत

कापसाच्या जिनिंगवर गाड्या तोलायच्या काट्याला दोन सर्व्हर आहेत, एक बंद पडला तर दुसऱ्यानं चालवावं म्हणून. आज लाइट आली आणि दोघंही मुख्य होऊन बसले. प्रत्येक गाडीच्या दोन पावत्या. सुरू होताना सर्व्हरनं काय करायचं, त्या हुकमांची फाइल मीच लिहिलेली: दुसऱ्यानं पहिल्याला तीनदा विचारायचं, उत्तर नाही आलं तर तो मेला समजायचं. तपासताना मी एकाचीच वायर काढली होती. इथं लाइट जाते ती दोघांची, हे कसं सुचलं नाही?

सुपरवायझर नंदूभाऊ म्हणाले, "आरं, त्याला उठू तरी दे की. कॉलेजबी असंच घाईनं सोडलंस." राग आला. पण पहिल्याला उठायला दोन मिनिटं लागतात, हे खरं. तीनाचे तीस केले. आता नीट चालतंय.

काल बोरीत राहणाऱ्या माझ्या प्रेरणाला तीनदाच फोन लावला. बंद. मग ‘संपलं आपलं’ असा मेसेज टाकून मोकळा झालो. आत्ता तिचं उत्तर आलं: "कालपासून लाइट नव्हती, फोन बंद होता. तू म्हणतोस तर संपलं."

उद्या बोरीला जातो. ती बाहेर आली नाही तर किती वेळ थांबायचं, ते ठरवलेलं नाही.