ठिपक्याचं उत्तर

पिंपळवंडी,
वाघबारस, २२ ऑक्टोबर २००३

चि. सौ. सुंदरा हिस,

दादाचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझी वहिनी खरंच बरी आहे. सयाजीरावांना नमस्कार सांग. धाकट्याला दात आले म्हणे; एखादा मामाला चावायला राखून ठेव म्हणावं.

तुझं पत्र आणि एसटीच्या कंडक्टरजवळ दिलेलं पुडकं, दोन्ही आळेफाट्याला मिळालं. ठिपक्याचा नवा अंगरखा बघितला. पिवळ्या कापडावर एकेक ठिपका दोऱ्यानं भरलास. तुझा हात आईवर गेलाय. वहिनी म्हणाली, "घालून तर बघा त्याला." मी म्हटलं, उद्या घालतो. त्याला पंधरा दिवस झाले.

घोडेगावच्या शाळेतले गुरुजी घरी आले होते, असं तू लिहितेस. बिबट्यापासून कसं जपायचं ते ठिपक्यानंच पोरांना सांगावं, पोरं त्याचंच ऐकतात, असं ते म्हणाले. पुढं तू लिहितेस, "ऋतिकाचा ठिपक्या पेटीत कोंडून ठेवू नको, दादा. त्याचे खेळ परत सुरू कर. भाऊबीजेला त्याला घेऊन येशील का?"

याचं उत्तर द्यायचं तर मुळापासून लिहायला हवं. निम्मं तुला माहीत आहे. तरी तिथूनच सुरुवात करतो, म्हणजे उरलेलं लिहायचा धीर होईल.

आबा मेंढरं घेऊन मावळतीच्या डोंगरात जायचे, तेव्हा वाघबारशीला तिथल्या गुराख्यांबरोबर खीर शिजवायचे. एका गड्याला घोंगडी पांघरून वाघ करायचं. बाकीच्यांनी विचारायचं, "आमच्या शिवंला येशील का?" वाघानं म्हणायचं, "न्हाई येणार." मग आरडाओरडा करून त्याला शिवेबाहेर हाकलायचं. झाली वर्षाची बेगमी. ती गोष्ट ऐकूनच आपण ब्याण्णव साली हातात घालायचा बिबट्याचा बाहुला केला, ठिपक्या. आबांच्या जुन्या घोंगडीचं अंग, करवंटीचा जबडा, कोटाच्या बटणांचे डोळे. डावा डोळा तू तिरका शिवलास, त्यामुळं तो कायम काहीतरी लबाडी करून आल्यासारखा दिसायचा.

पहिला खेळ लेण्याद्रीच्या पायथ्याला, माघातल्या गणेशजयंतीला. आईचं लुगडं दोन काठ्यांना बांधून पडदा. तू डफ घेऊन पुढं उभी राहून प्रश्न विचारायचीस, मी लुगड्यामागं बसून उत्तर द्यायचो. ऐन रंगात माकडानं ठिपक्याचं शेपूट ओढून नेलं आणि लोक खेळापेक्षा त्यालाच जास्त हसले. तू मात्र रडकुंडीला आली होतीस. मला तो दिवस फार आठवतो.

दोन वर्षं खेळ आबांच्या रीतीनंच केला. मग शिनोलीच्या शाळेत ठिपक्याला हाकलायची वेळ आली तेव्हा एक बारकी पोरगी पडद्यामागं शिरली आणि त्याला कवटाळून बसली. "ह्याला हाकलू नका. मी घरी नेते." सगळा वर्गच रडायला लागला. पुढच्या खेळात मी उत्तर बदललं. "येईन, येईन! गूळ देशील का?" पोरांनी टाळ्यांनी पत्रे हादरवले. तेव्हापासून ओतूरपासून मंचरपर्यंत मी ठिपक्यामामा झालो. बाजारात पोरं मागं लागायची. मला ते आवडायचं, कबूल करतो.

आबा एकटेच चिडले. म्हणाले, "वाघाच्या तोंडून न्हाई वदवून घ्यायचं असतंय, गोरक्ष. त्याच्यासाठीच ती बारस हाय." मी म्हटलं, आबा, आता वाघ उरलेत कुठं? नंतर उसाचं रान वाढत गेलं आणि बिबट्या उसातच राहायला आला. कुणाचं कुत्रं गेलं, कुणाची शेळी गेली. मी ऐकत होतो. खेळ तोच ठेवला.

आता ती दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज.

तू दिवेलागणीच्या आधी ठमाबाईची बाळंतीण लेक बघायला पलीकडच्या वस्तीवर गेलीस आणि तुझ्या ऋतिकाला माझ्याजवळ ठेवलंस. मी सगळ्यांना सांगितलं की मोटार चालू करायला विहिरीवर गेलो होतो, तेवढ्यात पोर उसाकडे गेली आणि बिबट्यानं नेली. पंचनाम्यात तेच आहे. तूही तेच धरून बसलीस. वर मलाच समजावलंस, "दादा, तू तरी काय करणार व्हतास?" तुझे ते शब्द मला सोसत नाहीत.

मी विहिरीवर गेलो नव्हतो, सुंदरा. मी पडवीत होतो. ठिपक्याचा जबडा निसटला होता, तो बांधत बसलो होतो. हात त्याच्यातच होता. अंगणातून ऋतिकाचा आवाज आला, "येशील का?" आमचा रोजचा खेळ. ती कुठूनही विचारायची, मी असेन तिथून उत्तर द्यायचो. मी मान वर केली नाही. ठिपक्याच्या आवाजात ओरडलो, "येईन, येईन! गूळ देशील का?"

ती हसली. तिची पावलं स्वयंपाकघरात गेली आणि परत बाहेर गेली. मला वाटलं, आता पडवीत येईल. मी दोरा बांधत राहिलो.

उसाच्या कडेला तिला ठिपक्यांचं काहीतरी दिसलं होतं. तिनं त्याला विचारलं आणि उत्तर मी दिलं. गुळाचा डबा चुलीपुढं उघडा सापडला. वहिनीला वाटलं, आपणच उघडा टाकला. मी काही बोललो नाही.

आबांनी खाटेवरून दोन्ही आवाज ऐकले होते. जायच्या आधीचे आठ महिने ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तुला वाटलं, नातीच्या दुःखानं त्यांची वाचा गेली. वाचा होती. वहिनीकडे पाणी मागायचे.

हे पत्र सयाजीरावांना दाखव, गावाला दाखव, मी कुणाला अडवणार नाही. माफी मागत नाही. तू दिलीस तर ती घेऊन मी कुठं बसू?

आज सकाळी ठिपक्याला हातात घालून शिवेवर गेलो होतो. मीच विचारलं आणि त्याच्या आवाजात नाही म्हणायला बघितलं. तोंड उघडलं की जिभेवर जुनंच उत्तर येई. तीनदा झालं, मग हात काढून घेतला. गुरुजींना सांग, पोरांना जपायला शिकवणं याच्या हातून होणार नाही. अंगरखा परत पाठवतोय. ठिपक्याला जाळायला चुलीपर्यंत नेलं होतं, पण तो तिरका डोळा तुझ्या हातचा, म्हणून जाळवला नाही. तो पेटीतच राहील.

गेल्या वर्षी तू हेच विचारलं होतंस. येईन म्हणालो आणि आलो नाही. तू ओवाळणीचं ताट करून वाट बघत बसलीस. यंदा ताट करू नको. भाऊबीजेला येशील का, म्हणतेस. आबांनी शिकवलेलं उत्तर देतो.

नाही येणार.

तुझ्या शिवेबाहेरचा,
गोरक्ष