दोन धारांच्या मधलं अंतर

मंगळवार, २ एप्रिल १९८५

मॉइनचा पडका मठ बघून झाला. नाही सापडलं.

गुडघाभर गवत, गाई थेट मठाच्या अंगणात. उत्तरेच्या भिंतीलगत चालले. बाप्तिस्म्याआधी गेलेलं मूल तिथंच पुरायचे, पवित्र जमिनीच्या बाहेर. लहान लहान दगड, बिननावाचे. एकोणीस मोजले. त्यातला आमचा कुठला? मोजून काय मिळवलं!

तो माझा भाऊ, माझ्या आधीचा. १९५७. तासभर जगला, फादर पोचले नाहीत. बाबांनी त्याला लोण्याच्या लाकडी खोक्यात ठेवलं, सायकलच्या लाल ट्यूबनं खोकं बांधलं. "मठात नेतो" — आईला एवढंच. कुठल्या मठात, ते तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढं ते समुद्रापार कोव्हेंट्रीला बांधकामावर गेले. तिथंच वारले, तिथंच पुरले.

आणि आता डॉक्टर म्हणतात, आईचा ईस्टर निघाला तरी पुष्कळ.

बुधवार, ३ एप्रिल

आई — "मला त्याच्याशेजारी ठेव. तुझ्या आजीच्या उरावर नको. जिवंतपणी सोसलं तिला, तेवढं बास."

मी हसले. ती हसली नाही.

चर्चमागे, पवित्र जमिनीत, आमच्या घरची एकच कबर, आजीची. दर उन्हाळ्यात आईच तिच्यावरचं गवत उपटायची. तोंडानं आजीचा उद्धार चालूच.

गुरुवार, ४ एप्रिल

रॉसर्कचा मठ. शेजारच्या शेतातली बाई फाटकावर रेलून बघत होती. "कुणाला शोधतेस गं?" सांगितलं.

"लेकरं तर सगळ्याच पडक्या मठांत आहेत. बापानं खूण नाही ठेवली?"

"नाही."

"ठेवायचेच नाहीत. खूण ठेवली की बायको जाऊन बसणार तिथं!"

तिनं केक दिला. उपासाचे दिवस — तरी खाल्ला. दोन तुकडे.

गुड फ्रायडे

चहा कोरा. शेजारचे फेस्टसकाका आईला बघायला आले. जाताना दारात हळूच म्हणाले, "तुझा बाप सकाळची धार काढून गेला, तो संध्याकाळच्या धारेला परत. गुडघ्यापर्यंत भिजलेला. यापलीकडे मला ठाऊक नाही, पोरी."

दोन धारांच्या मध्ये सायकलवर किती लांब जाता येतं? शाळेच्या नकाशावर कंपासनं वर्तुळ काढलं. चार मठ. घरात पहिली शिकलेली मी, आणि माझी विद्या ही एवढी! चर्चची नोंदवही तर आधीच चाळून झाली. बाप्तिस्मा नाही, म्हणून नाव नाही. नाव नाही, म्हणून नोंद नाही.

शनिवार

राथफ्रान. नाही.

सोमवार, ८ एप्रिल

एरू. चौथा आणि शेवटचा. सरोवराचं पाणी पार भिंतीजवळ आलेलं. बाबा इथंच भिजले असतील? की मॉइनच्या चिखलात? की नुसत्या पावसात? दगड इथंही आहेत.

एक पांढरा गोटा उचलून खिशात टाकला. परतताना सायकलवर वाक्य घोकत होते — हा त्याच्या डोक्याशी होता, आई. वीस मैल घोकलं.

"सापडला?" आईनं विचारलं.

मी तोंड उघडलं.

"नाही, आई."

 मग — "मास्तरीणबाई, एकदा तरी खोटं बोलायला शिकायचंस गं." आणि भिंतीकडं तोंड केलं.

गोटा अजून खिशातच आहे. खोटं बोलणं पाप. पण हे काय केलं मी?

बुधवार, १० एप्रिल

आई गेली. सकाळी.

फादरनी विचारलं, "कुठं ठेवायचं?" म्हटलं, "आजीच्या कबरीत." दुसरी जागाच नाही. आयुष्यात एकच गोष्ट मागितली तिनं माझ्याकडं.

गुरुवार, ११ एप्रिल

सकाळी शेजारचे लोक कबर खणायला गेले. आजीला ५६ साली ठेवलं, त्यानंतर ती उघडलेलीच नव्हती. तासाभरात फेस्टसकाका परत. टोपी हातात, बूट मातीनं भरलेले. आत येईनात.

"अट्रॅक्टा, आम्ही थांबलोय. तुझ्या आजीच्या पेटीवर एक खोकं आहे गं. लोण्याचं."

त्यांनी मूठ उघडली. लाल ट्यूबचा तुकडा.

"हलवू नका," मी म्हटलं. "त्याच्याशेजारी जागा करा."

"बरं." ते घुटमळले. "फादरना सांगावं लागेल ना?"

"नको," मी म्हटलं.