माझे हलके धनुष्य आणि दादाचा वाटा

मी, खाली सही करणारी, निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, अविवाहित, ही शेवटची व्यवस्था पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझ्या थोरल्या भावासाठी, कारण पहिली शंका तोच काढणार. पुढे त्याला दादा म्हटले आहे ते केवळ सवयीने.

१. कॉलेजात मी तिरंदाजी करत असे. नोकरीसाठी परगावी गेले, तेव्हा दादाने माझे धनुष्य न्हाणीघरात आडवे ठोकून त्यावर ओले बनियन वाळत घातले. परत आले तर त्याला बुरशी धरलेली. तो वास अजून नाकातून गेलेला नाही.

२. निवृत्तीनंतर पुन्हा सुरुवात करायची ठरवली. हवे होते साधे, जुन्या घडणीचे लाकडी धनुष्य. दुकानात दादा जाणकार म्हणून सोबत आला. जन्मात बाण न सोडलेल्या या माणसाने सगळ्यांत ताठ, ओढायला जड, नक्षीदार धनुष्य माझ्या गळ्यात मारले. "भारदस्त घे. चार लोकांना दाखवता आलं पाहिजे." पहिल्याच सरावात माझा खांदा निखळला. "या वयात नसती थेरं कशाला?" हे त्याचे सांत्वन. माझा हात झोळीत असतानाच ते धनुष्य त्याच्या दिवाणखान्यात टांगले गेले, आणि पाहुण्यांना स्वतःच्या नेमबाजीच्या कथा ऐकवणे सुरू झाले. ऐकून शिसारी आली. ते त्याच्याकडेच राहावे. हाच त्याचा संपूर्ण वाटा.

३. खांदा बरा झाल्यावर एकटी गेले. एकेक धनुष्य सावकाश ओढून पाहिले. जे पूर्ण ताणूनही श्वास अडकला नाही, ते घेतले.

"मॅडम, हे अगदी नवशिक्यांचं आहे," दुकानदार म्हणाला.

"मग माझंच आहे."

हे धनुष्य, बाण आणि हातमोजा वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला.

४. राहते घर आणि बँकेतील शिल्लकही तिलाच. गेल्या महिन्यात ती एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली. दादाने जेवणाचे ताट तिच्या अंगावर भिरकावले होते. केसांत खरकटे तसेच होते. "वन्सं, मी आता परत जायची नाही." थोड्या वेळाने दादाचा फोन. ती कशी आहे, हे विचारले नाही. "तिला पाठव. मोरीत भांडी साचलीत." मी फोन ठेवला आणि हात साबणाने धुतले.

५. दादा कोर्टात गेलाच, तर वकिलांनी कलम चार तिथे मोठ्याने वाचावे. माझ्या शोकसभेत त्याला बोलू देऊ नये.

६. वहिनीला माझ्या मरणाची वाट पाहायला लावणे मला पटेना. म्हणून आज सकाळी धनुष्य तिच्या हाती दिले.

"मला जमेल?"

"ओढून तर बघ. हात थरथरला तर सावकाश सैल सोड."

तिने ओढले. बाण लक्ष्यावरून थेट पलीकडच्या गवतात. ती खो खो हसली. इतक्या वर्षांत तिच्या हसण्याचा आवाज मी प्रथमच ऐकला.

साक्षीदार: शेजारच्या औषध दुकानाच्या मालकीणबाई, मैदानाची देखभाल करणारे काका.
दोघेही तिच्याबरोबर बाण शोधायला गेले आहेत. परतले की त्यांच्यासमोर सही करते.

ठिकाण: सरावाच्या मैदानावरचे बाक
दिनांक: आजचा, मंगळवार