उंटाच्या शुगरपुढची चांदणी

शनिवार, १२ ऑगस्ट २००६, अंबरनाथ

बुवापाड्यातल्या सलीमभाईंचा उंट ठणठणीत आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त सहज म्हणून आमच्या लॅबमध्ये पाठवलं होतं. आमच्या मशीनमध्ये नॉर्मल आकडे माणसांचे. त्यामुळे शुगरपुढे 'जास्त' अशा खुणेची चांदणी छापून आली आणि मी तशीच सही ठोकून रिपोर्ट दिला. कसली मेली घाई होती मला?

आज सलीमभाई रस्त्यात भेटले. "मॅडम, शुगर निघाली ना त्याला, गूळ बंद केला मी. रोज मांगता है बेचारा."

मी तशीच त्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते हसले. "उंटाची शुगर माणसापेक्षा जास्तच असते हो."

"मग ही बरोबर आहे?"

"ते कसं सांगू? पुस्तकातले आकडे वाळवंटातल्या उंटांचे. आपल्या दमट हवेतल्या उंटाचे माझ्याकडे तरी नाहीत."

म्हणजे चांदणी चुकीची, एवढंच नक्की. ती खोडून तिथे लिहू काय?

संध्याकाळी बुवापाड्यात जाऊन आले. "द्या गूळ" हे कुठल्या आकड्यावर सांगणार? उंटाने माझा रिकामा तळहात हुंगला. मग मान वळवून दुसराही हुंगला.