आधी बांधाबांध

प्रिय आई,

चिठ्ठी निघाली! आम्ही जातोय! आणि नव्या वसाहतीची प्रमुख म्हणून टोपीतून जे नाव निघालं, ते माझं. घरातली पहिली पदवीधर, जी ब्रॅकनेलचा जॉब सोडून ‘बटाटे सोलायला गेली’, ती. नीनामावशीला मात्र तू अजून मी ब्रॅकनेललाच आहे असं सांगतेस. कळतं मला.

मार्चमध्ये कॉव्हेंट्रीहून आलीस, तेव्हा घरोघरी खोकी बघून हसली होतीस. जायचं निम्म्यांनी, मग बांधाबांध सगळ्यांनी कशाला? ही रेबेकाआजींची रीत. त्या कॅनडात हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीत वाढल्या. तिथे शेत, चूल, कमाई, सगळं सगळ्यांचं. इथे इंग्लंडात, श्रॉपशरमध्ये त्यांनी तसंच गाव वसवलं, फक्त धर्माची अट काढली आणि बायकांनाही मत दिलं. माणसं वाढली की एका वसाहतीच्या दोन करायच्या. कोण जाणार हे आधीच ठरलं तर राहणारे निवांत होतात आणि जाणारे रुसतात, असं आजी म्हणतात. म्हणून दोन गट करून सगळ्यांनी मनानं निघायचं आणि मग कुठला गट जाणार याची चिठ्ठी टाकायची. तू गणपतीपुढे टाकतेस तशीच.

काल नाश्त्यानंतर आजींनी टोपी पुढे केली. आमचा गट निघाला तेव्हा माझ्या हातात चहाची किटली होती. ती घेऊनच मी नाचले. मग प्रमुखपदासाठीच्या तीन नावांतून माझं निघालं, तर ट्रॅक्टरवाला टॉम ओरडला, आता ट्रॅक्टर रिव्हर्स करायला तरी शीक! हेरफर्डजवळ आम्हाला मिळालंय ते एक पडकी शेड आणि गुडघाभर गवत. पण आई, पदवीच्या दिवशीसुद्धा मी इतकी ताठ उभी नव्हते गं.

पहिला ठराव स्वयंपाकघराचा. ते सांभाळणाऱ्या बाईचा मान प्रमुखाच्या खालोखाल. मी तुझं नाव घेतलं नाही, शपथ. त्यांनी घेतलं. इतकी वर्षं शाळेतल्या पोरांना जेवू घातलेल्या हातांनी तू सगळ्यांना पिठलं-भात वाढलास, टॉमकडून त्याचं ताट धुऊन घेतलंस, ते कुणी विसरलेलं नाही. सगळे हात वर झाले. पहिला टॉमचा.

म्हणून हे पत्र. लगेच हो म्हणू नकोस, नाहीही म्हणू नकोस. फक्त बॅग भर, पोळपाट-लाटणं वर ठेव. यायचं की नाही ते मग ठरव. आमच्याकडे असंच करतात. आणि कुठे निघालीस असं नीनामावशीनं विचारलं, तर खरं सांग.

तुझीच, आता ब्रॅकनेलची नसलेली,
शाल्मली