न सांडलेली आमटी

सोनमवहिनींना,
धाकट्या दिराचा नमस्कार.

एका घरात राहून पत्र लिहितोय, कारण तोंडानं सांगायला जमत न्हाय.

दादाच्या दहाव्याला तुमी इचारलंत, "भवानीनगरच्या शेततळ्यावर येवढी पोकलेन उतारावरनं उलटली, मग डब्यातली आमटी कशी सांडली न्हाय?" मी "काय म्हाईत" म्हणालो. पण मला म्हाईत हाय. डबा मीच केबिनमधनं काढला. दादानं सीटबेल्ट मागं ओढून त्यात डबा आवळून ठेवला होता. तुमच्या हातची आमटी हिंदकळू नये म्हणून रोजच ठेवायचा.

आमी आपरेटर लोक बेल्ट लावतच न्हाय. मशीन कलंडली तर उडी मारता आली पायजे, असं समदेच म्हणत्यात. दादानं उडी मारली आन मशीन त्याच्यावरच आली. केबिनची नुसती काच फुटली होती. बेल्ट लावून आत बसून राहिला असता, तर डब्यासंगट तोबी घरी आला असता.

हे तुमाला कसं सांगू? तुमी पुन्हा आमटी करणार न्हाय. म्हणून हे पत्र माझ्यापाशीच ऱ्हाईल.

उद्यापासनं मी कामावर जातोय. माझाबी डबा तुमीच भरणार म्हणालात. तो मी पायाशी ठेवणार हाय, बेल्ट मला लागंल. संध्याकाळी पिशवी आमटीनं भिजलेली बघून तुमी वरडाल, "भावजी, साधा डबा नीट आणता येत न्हाय व्हय?"

वरडा वहिनी. रोज वरडा.

तुमचा,
विजयसिंह